ऐकणाऱ्याचं कोण ऐकतं?

सत्तावीस वर्षांचा एक तरुण सहा महिन्यांत माझ्याकडे चार वेळा आला. पहिल्यांदा छातीत जळजळ, दुसऱ्यांदा डोकेदुखी, तिसऱ्यांदा "थकवा जातच नाही." हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं तपासलं. सगळं ठीक. मी ॲसिडिटीची गोळी लिहून दिली, चहा कमी कर म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

चौथ्यांदा आला तेव्हा बाहेर गर्दी नव्हती. त्याच्या आईला मी बरीच वर्षं ओळखतो. तिच्या शुगरच्या गोळ्या न्यायला हा शाळेत असल्यापासून यायचा. मी विचारलं, "झोपतोस किती वाजता?"

"अकराला झोपतो, डॉक्टरकाका. पण फोन उशाशी असतो. कधी कुणाचा येईल सांगता येत नाही."

"कुणाचा फोन?"

"मुलांचा."

त्याचं लग्न झालेलं नाही. मुलं म्हणजे कॉलेजची मुलं. तो त्याच्या चर्चच्या विद्यार्थी गटाचं काम बघतो. पाच महिन्यांपूर्वी रात्री दीड वाजता त्यातल्या एका मुलाचा फोन आला होता. आपल्याला जगायचं नाही, असं तो मुलगा सांगत होता. हा पहाटेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला आणि उजाडताच त्याच्या खोलीवर गेला. मुलगा त्या रात्रीतून वाचला. पण त्यानं "कुणाला सांगणार नाहीस ना, दादा?" असं वचन घेतलं होतं, आणि यानं ते पाळलं. आईला नाही, पाळकांना नाही, मित्राला नाही. तेव्हापासून रात्री फोन वाजला की याच्या छातीत धडधड सुरू होते.

पहिल्या तीन भेटींत मी त्याचं पोट तपासलं आणि रक्त तपासलं. "तू काय काम करतोस आणि ते तुला कसं चाललंय?" हा प्रश्न मात्र विचारला नाही. ती चूक माझी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याच्या परवानगीनंच लिहितो आहे.)

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. चर्चमध्ये, वसतिगृहात, कॉलेजच्या आवारात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे गट चालवणारी तरुण माणसं, आणि त्यांच्यावर जबाबदारी टाकणारे वडीलधारे, दोघांनीही तो वाचावा. माझं म्हणणं थोडक्यात असं: जो दुसऱ्यांचं ऐकतो त्याचं ऐकणारं कुणीतरी असलं पाहिजे, आणि त्याची व्यवस्था आधीच करून ठेवायला हवी. वेळ आली की बघू, असं म्हणून चालत नाही.

हे काम बाहेरून दिसतं तेवढंच नसतं

विद्यार्थ्यांमधलं ख्रिस्ती काम आपल्या देशाला नवं नाही. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट भारतात १९१२ पासून आहे, युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ पासून. शिवाय अनेक चर्चचे स्वतःचे तरुण संघ असतात, कॅथलिक धर्मग्रामांत युवकांचे गट असतात. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते गिटार, गाणी, आठवड्याची बायबल अभ्यासाची बैठक, सुट्टीतलं शिबिर आणि नाताळचा कार्यक्रम.

आत काय असतं ते या तरुणानं मला सांगितलं. गावाकडून शहरात आलेला मुलगा, पहिल्या सत्रात नापास झालेला, घरी सांगायची हिंमत नसलेला. प्रेम तुटल्यामुळे जेवण सोडलेली मुलगी. दारू पिऊन मारणाऱ्या बापाला कंटाळून सुट्टीत घरी जायला नको म्हणणारा मुलगा. फी भरायला पैसे नाहीत म्हणून दादाकडे आलेला आणखी कुणी. हे सगळे सगळ्यात आधी प्राध्यापकाकडे जात नाहीत, डॉक्टरकडे तर नाहीच नाही. ते जातात आपल्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या, आपली भाषा बोलणाऱ्या, हसून बोलणाऱ्या दादाकडे किंवा ताईकडे.

हे फार मोलाचं काम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातली होती. अशा वेळी रात्री दीड वाजता फोन उचलणारं माणूस असणं म्हणजे कुणाच्या तरी घरातला दिवा तेवत राहणं.

पण हे दादा-ताई कोण असतात? बहुतेक जण विशी-तिशीतले. काही जण अर्धवेळ, तुटपुंज्या मानधनावर. बरेच जण स्वतः नोकरी किंवा शिक्षण सांभाळून विनामोबदला. समुपदेशनाचं शिक्षण फारसं कुणाचं झालेलं नसतं. आणि त्यांची ड्यूटी संपते कधी, हे कुणीच ठरवून दिलेलं नसतं. आमच्या हॉस्पिटलमधल्या नर्सला निदान शिफ्ट असते.

शरीर हिशेब ठेवतं

दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपण नुसते बसलेले असतो, तरी शरीर बसलेलं नसतं. समोरचा संकटात आहे हे कळताच मेंदू आपल्यालाही सावध करतो. ॲड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, पुढच्या टप्प्यात कॉर्टिसॉल वाढतं. संकट टळलं की हे सगळं खाली यायला हवं. पण "फोन कधीही येईल" या अवस्थेत माणूस महिनोन्‌महिने राहिला की ते नीट खाली येतच नाही. झोप उथळ होते. मान आणि खांदे आखडून डोकं दुखतं. आतडं आणि मेंदू यांचं नातं जवळचं असल्यानं पोट बिघडतं. रिपोर्ट नॉर्मल येतात, म्हणून पेशंटला वाटतं डॉक्टरला काही कळत नाही आणि डॉक्टरला वाटतं पेशंटला काही झालेलं नाही.

याला 'बर्नआउट' म्हणतात. आपण त्याला झीज म्हणू. हा शब्द या अर्थानं रूढ केला तो न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञानं, १९७४ मध्ये. मोफत दवाखान्यांत सेवाभावानं राबणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये त्याला ती दिसली. तो स्वतःही त्यांच्यातलाच एक होता. हे मला महत्त्वाचं वाटतं. झीज आधी दिसली ती कामचुकारांत नाही, जीव ओतून काम करणाऱ्यांत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात हिची तीन लक्षणं दिली आहेत. तिथं ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदली आहे. विद्यार्थी गट चालवणाऱ्याच्या भाषेत ती अशी दिसतात:

पहिलं, थकवा. रविवारची उपासना झाली की सोमवारी उठवत नाही.

दुसरं, मन उडणं. ज्या मुलांसाठी जीव टाकायचो त्यांचा फोन आला की "आता हा कशाला?" असं वाटतं. मग तसं वाटल्याबद्दल अपराधी वाटतं आणि भरपाई म्हणून माणूस आणखी राबतो.

तिसरं, "माझ्यानं काहीच होत नाही" ही भावना. इतकी वर्षं केलं, कोण बदललं?

यात चौथी गोष्ट मी माझ्या अनुभवातून जोडतो. धर्माचं काम करणाऱ्याला आपली झीज ही श्रद्धेची कमतरता वाटते. प्रार्थना कमी पडते आहे, असं तो स्वतःला सांगतो आणि उरलेली झोपही मोडून पहाटे चारला उठतो. आजारावर आजाराचंच औषध.

उत्तर बायबलमध्ये आहे, आणि इतिहासातही

मी पाळक नाही, त्यामुळे धर्मोपदेश करणार नाही. पण बायबलमधल्या दोन प्रसंगांकडे मी डॉक्टर म्हणून बघतो.

निर्गमाच्या पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे न्यायनिवाडे करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो भेटायला येतो, दिवसभर हे बघतो आणि स्पष्ट सांगतो की हे बरं नाही. अशानं तूही थकशील आणि लोकही थकतील. मग तो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो. लक्षात घ्या, मोशेला हे स्वतःहून सुचलं नाही. बाहेरून आलेल्या, त्याच्या हाताखाली नसलेल्या, पण त्याच्यावर माया असलेल्या माणसानं ते दाखवून दिलं.

दुसरा प्रसंग एलीया संदेष्ट्याचा. मोठा विजय मिळवल्यानंतर हा माणूस रानात एका झुडपाखाली जाऊन बसतो आणि मरण मागतो. त्याला तिथं उपदेश मिळत नाही. मिळते ती झोप, ताजी भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा अन्न. बोलणं नंतर. त्यानंतर त्याला कळतं की तो समजतो तसा एकटा नाही, आणि अलीशा हा सोबती त्याला मिळतो. झोप, अन्न, ऐकून घेणं आणि सोबत. मी आजही याहून वेगळा क्रम लिहून देणार नाही.

इतिहासही हेच सांगतो. जॉन वेस्ली आणि त्यांचे बंधू चार्ल्स यांचा १७२९ च्या सुमाराचा ऑक्सफर्डमधला गट हा विद्यार्थ्यांचाच होता. पुढे १७४२ मध्ये ब्रिस्टल इथं चर्चच्या इमारतीचं कर्ज फेडायचं म्हणून सभासदांचे साधारण बारा-बारा जणांचे गट केले गेले. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटप्रमुखानं ती गोळा करायची. पैसे गोळा करता करता प्रमुखांना घराघरांतली दुःखं कळू लागली, आणि कर्जफेडीचा गट एकमेकांची विचारपूस करणारा गट झाला. मेथॉडिस्ट चर्चच्या वाढीत या छोट्या गटांचा वाटा मोठा आहे. शिवाय या प्रमुखांनीही दर आठवड्याला पाळकांना आणि कारभाऱ्यांना भेटायचं, असा नियम होता. म्हणजे ऐकणाऱ्याला मोकळं सोडलेलं नव्हतं.

तिसरं नाव लंडनचे चॅड व्हारा यांचं. हे अँग्लिकन धर्मगुरू. तरुण असताना, १९३५ मध्ये, त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. पाळी सुरू झाल्यावर आपल्याला भयंकर रोग झाला असं समजून तिनं जीव दिला होता. विचारायला कुणी नव्हतं. १९५३ मध्ये व्हारा यांनी आपल्या चर्चमध्ये संकटातल्या लोकांसाठी फोन सुरू केला. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. त्यांना भेटायला लोक येऊन बाहेर थांबत, तेव्हा साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि बोलत बसत. व्हारा यांच्या लक्षात आलं की पुष्कळांना त्या चहा-गप्पांनंतर आत येण्याची गरजच उरत नाही. मग त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. या संस्थेत पाळी संपली की स्वयंसेवकानं घरी जाण्याआधी आपल्या प्रमुखाशी बोलून मन हलकं करायचं असतं. ऐकलेलं ओझं घरी न्यायचं नाही.

आम्हा डॉक्टरांमध्येही १९५० च्या दशकात मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी लंडनमध्ये असे गट सुरू केले. फॅमिली डॉक्टर एकत्र बसून "कुठला पेशंट माझ्या डोक्यातून जात नाही" यावर बोलत. असा गट मला वेळेवर मिळाला असता, तर कदाचित या तरुणाला मी पहिल्याच भेटीत योग्य प्रश्न विचारला असता.

सोबत वेगळी, कोचिंग वेगळं

कोचिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लातूरचे आणि कोट्याचे क्लास येतात. इथं तो अर्थ नाही. इथं कोचिंग म्हणजे आपल्यापेक्षा थोडं पुढे गेलेल्या माणसानं, ठरलेल्या वेळी, आपल्याला प्रश्न विचारून आपलंच उत्तर शोधायला मदत करणं. "तू असं कर" यापेक्षा "यातलं तुझं काम कुठलं आणि दुसऱ्या कुणाचं कुठलं?" असा प्रश्न. यात काम सुधारतं.

सोबत म्हणजे तेच काम करणाऱ्या बरोबरीच्या माणसांनी एकमेकांचं ऐकणं. इथं कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. यात माणूस टिकतो.

दोन्ही हवं. पण एकाची जागा दुसऱ्यानं घेतली की गडबड होते. तुमचं मानधन ठरवणारे, पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं की नाही हे ठरवणारे जर तुमचे एकमेव आधार असतील, तर "मला आता हे झेपत नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही. पाळकसाहेब कितीही प्रेमळ असले तरी नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की सोबतीच्या गटात निदान दोघं-तिघं वेगळ्या चर्चमधले असावेत. पंथ वेगळा असला तर आणखी बरं. रात्रीचा फोन सगळ्यांना सारखाच येतो.

तीन आक्षेप

"देव आहे ना ऐकायला, मग माणूस कशाला?" असं मला एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं होतं. मी म्हणालो, तुमच्याच शास्त्रात येशूनं शिष्यांना पाठवलं ते दोघादोघांच्या जोड्या करून. एकट्यानं जमण्यासारखं असतं, तर तसं पाठवलं असतं.

"पुढारीच रडायला लागला तर मुलांनी कुणाकडे बघायचं?" मुलांसमोर सगळं मांडा असं मी म्हणत नाहीच. मुलांना तुमच्या दुःखाचं ओझं देऊ नये. म्हणून तर बरोबरीचा गट हवा. ज्याला रडायला जागा आहे तो मुलांसमोर जास्त स्थिर राहतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे: "बोललेलं बाहेर जातं." छोट्या समाजात सगळे एकमेकांचे नातेवाईक. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याला जरा त्रास आहे" असं म्हणता म्हणता रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलेलं असतं. प्रार्थनेचा विषय या नावाखाली चाललेली कुजबुज ही अशा गटांची सगळ्यात मोठी शत्रू आहे. यावर उपाय एकच: ज्याची गोष्ट, त्याची परवानगी. त्यानं हो म्हटल्याशिवाय ती प्रार्थनेतसुद्धा नावानिशी निघणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्यानं बोलून ठरवा.

गट कसा चालवाल?

चार ते सहा जण पुरेत. जास्त झाले की सभा होते. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, ठरलेला वार. "सवडीनं भेटू" म्हणाल तर कधीच भेटणार नाही. मोबाइल बंद. स्त्रियांचा गट स्वतंत्र हवा असेल तर तसा करा. ताई जे ऐकतात ते सगळं पुरुषांसमोर बोलता येत नाही.

सुरुवातीला प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं. मध्ये कुणी तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, लगेच वचन काढून वाचायचं नाही. प्रार्थना शेवटी करा, पण बोलणं गुंडाळण्यासाठी करू नका.

प्रश्न मी डॉक्टर म्हणून सुचवतो:

१. गेल्या पंधरा दिवसांत सरासरी झोप किती?
२. शेवटची पूर्ण सुट्टी कधी घेतली?
३. कुठला विद्यार्थी डोक्यातून जात नाही? (नाव, कॉलेज न सांगता.)
४. असं काय आहे जे मी एकटाच उचलतो आहे?
५. पुढच्या पंधरा दिवसांत यातलं काय खाली ठेवणार, किंवा कुणाकडे देणार?

पाचवा प्रश्न सोडू नका. नुसतं मन मोकळं करून माणूस घरी गेला तर बरं वाटतं, पण दोन दिवसच. पुढच्या भेटीत "ते खाली ठेवलंस का?" असं विचारणारं कुणी असलं की बदल टिकतो. आणि रात्रीच्या फोनची पाळी लावा. दोघांनी आलटून पालटून घेतली तरी प्रत्येकाला आठवड्यातल्या निम्म्या रात्री निवांत मिळतात.

जिथं सोबत पुरत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. मित्राचा खांदा म्हणजे दवाखाना नव्हे.

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, स्वतःला दोष देणं थांबत नाही, अशी लक्षणं एकत्र असतील तर ते नैराश्य असू शकतं. तुमचं असो वा विद्यार्थ्याचं, डॉक्टरांना दाखवा. नैराश्यावर चांगले उपचार आहेत. औषध घेणं ही श्रद्धेची हार नाही, जशी इन्सुलिन घेणं ही नाही.

कुणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर स्पष्ट विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्यानं कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर करा, घरच्यांना किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक तुम्ही स्वतःसाठीही वापरू शकता. आणि पोलिसांची भीती बाळगू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिला शिक्षा करायची नसते, आधार आणि उपचार द्यायचे असतात.

म्हणून "कुणाला सांगणार नाही" हे वचन कधीही सरसकट देऊ नका. त्याऐवजी सुरुवातीलाच सांगा: "तुझी गोष्ट मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी मदत बोलावणार, आणि तुला सांगून बोलावणार." अकरावी-बारावीची मुलं बहुधा अठरा वर्षांखालची असतात. त्यांच्यापैकी कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चर्चची बदनामी होईल म्हणून ते आत मिटवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्या लेकराशी केलेली दुसरी प्रतारणा आहे. असं काही ऐकलेल्या दादा-ताईला त्या क्षणी एकटं वाटू नये, यासाठीसुद्धा गट हवा.

मंडळीच्या वडीलधाऱ्यांना

तुमच्याकडे तरुणांचं काम बघणारं कुणी असेल तर त्याला या महिन्यात एकदा जेवायला बोलवा. या वेळी गटात किती मुलं येतात ते विचारू नका, तो झोपतो किती ते विचारा. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी कागदावर लिहून द्या. पंधरवड्याच्या गटाला जाण्याचा वेळ आणि प्रवासखर्च त्याच्या कामातच धरा. ते त्याचे लाड नाहीत. गाडी चालवायची तर सर्व्हिसिंग लागतं, हे आपल्याला कळतं. माणसाच्या बाबतीत मात्र आपण इंजिन बंद पडेपर्यंत थांबतो, आणि बंद पडलं की म्हणतो, "काय झालं कळलंच नाही, कालपर्यंत तर चांगला हसत होता."

त्या चौथ्या भेटीत मी त्याला औषध दिलं नाही. पाऊण तास ऐकलं. मग त्याला म्हटलं, "तू त्या मुलाला जाऊन सांग की मला तुझं वचन मोडायचं आहे, आणि ते तुझ्या परवानगीनं मोडायचं आहे." आठवड्यानं तो त्या मुलाला घेऊनच आला. मी मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. आता त्याच्या घरच्यांना माहीत आहे, उपचार चालू आहेत, तो परीक्षेला बसला.

आणि हा? गावातल्या तीन वेगवेगळ्या चर्चमधले पाच जण आता एक आड एक गुरुवारी भेटतात. रात्रीच्या फोनची पाळी लावली आहे. मागच्या महिन्यात आईच्या गोळ्या न्यायला आला, तेव्हा मी विचारलं, "ॲसिडिटी?"

"अधूनमधून असते, डॉक्टरकाका. पण बुधवारी आणि शनिवारी फोन दुसऱ्या खोलीत असतो."

तुम्ही असं काम करत असाल तर तुमचा फोन या आठवड्यात कुठल्या रात्री दुसऱ्या खोलीत असेल, ते आजच ठरवा. आणि त्या रात्री तो कुणाच्या उशाशी असेल, त्याला आजच विचारून घ्या.